एकांताची तयारी घरापासून

महोदय,

इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रातील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला अनेकजण उत्साहाने नाव नोंदवतात, पण तयारी शून्य असते. तिथे पहाटे ४ ला घंटा होते, दिवसभरात सुमारे १० तास ध्यान असते आणि मोबाईल, वही-पेन सुरुवातीलाच जमा करावे लागतात. मौन सुटते ते दहाव्या दिवशी. ज्याने घरी कधी वीस मिनिटेही रिकामे बसून पाहिलेले नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुडघे आणि पाठ धरून परतीचा विचार करू लागतो.

म्हणून महिनाभर आधी सुरुवात करावी. रोज ठरलेल्या वेळी २० मिनिटे बसावे, दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवावीत. मोबाईल दुसऱ्या खोलीतच ठेवावा. आवाज बंद करून शेजारी ठेवला तर नजर तिकडेच जाते. बैठकीखाली चादरीची जाड घडी घेतली की गुडघे खाली टेकतात, पाठ ताठ राहते. जेवणानंतर लगेच बसू नये, हमखास डुलकी लागते. विचार येणारच, त्यांच्याशी भांडू नये. लक्ष पुन्हा श्वासावर आणावे.

मानसिक आजार किंवा चालू औषधे अर्जात मुळीच लपवू नयेत. हे फार महत्त्वाचे आहे.

परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. तेवढे जमत नाही म्हणून बहुतेकांचे सगळेच सुटते. अशा वेळी निदान अर्धा तास तरी धरून ठेवावा.

– एक वाचक, नाशिक