सर, माझ्या पोरीच्या चित्राला तुम्ही नमस्कार केलात

आदरणीय सर,

तुमच्या निरोप समारंभात हारतुरे झाले, भाषणं झाली, मला मात्र तोंड उघडता आलं नाही. शेतकरी माणूस, माइक पुढं आला की घसा कोरडा पडतो. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोरच.

माझी पोट्टी लहान वर्गात होती तेव्हा एका मास्तरांनी तिच्या चित्रावर चहाचा कप ठेवला होता. गोल डाग पडलेला कागद घेऊन ती घरी आली. चित्रकलेच्या तासाला गणित घ्यायचं आणि वर आम्हालाच ऐकवायचं, चित्रं काढून पोट भरत नाही. नसेल भरत बाप्पा! पण कप ठेवायला टेबल नव्हता काय?

मग तुम्ही आलात. पोरं खाली कागद पसरून बसलेली, जाता-जाता तुमचा पाय तिच्या कागदाला लागला. तुम्ही वाकलात, कागदाला हात लावून कपाळाला लावला आणि पुढं गेलात. तुमच्या ध्यानातही नसेल. पोट्टी घरी धावत आली, "बाबा, सर माह्या चित्राच्या पाया पडले!" त्या रात्री जेवली कमी, बोलली जास्त.

हे कुठून आलं ते तुमच्या घरी आल्यावर उमगलं. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं आपल्या गडचिरोलीतल्या चामोर्शी-मुलचेरा भागात वसवलं, त्यात तुम्ही आईच्या कडेवर आलात. घरदार तिकडं राहिलं, पण वसंत पंचमीला सरस्वतीपुढं वही, दौत, कुंचला मांडायची रीत सोबत आली. अशा घरातल्या माणसाला पोराच्या कागदाला लागलेला पाय कसा खपेल? पाटीपूजन आम्हीही दसऱ्याला करतो. दुसऱ्या दिवशी विसरतो, एवढंच.

तुमच्या वर्गात खोडरबर नसायचा, तेही तिथलंच. कोजागिरीला आम्ही दूध आटवतो, तुमच्याकडे लक्ष्मीची पूजा आणि अंगणात अल्पना, म्हणजे तुमची ओली रांगोळी. तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात चिंधी बुडवून हातात धरायची आणि बोटावरून ओघळेल तशी रेघ ओढत न्यायची. ओली रेघ पुसायला गेलं की सगळं फासलं जातं. म्हणून तुमच्या आई वाकडी गेलेली रेघ तशीच पुढं नेऊन तिची धानाची लोंब करायच्या. पोरांनाही तुम्ही तेच सांगितलंत: पुसू नको, पुढं ने. चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३६च्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट बांबूसारख्या गावच्याच सामानातून केली, हे सांगून तुम्ही वर्ग बुरडाच्या अंगणात नेलात. आमच्या गावात बघण्यासारखं काही आहे, हे आम्हाला बाहेरून आलेल्या माणसानं दाखवलं. आणि गावात अजून काही जण तुम्हाला 'बंगाली मास्तर' म्हणतात! इतकी वर्षं या मातीत राबलेल्या माणसाला अजून परका म्हणायचं, याची मला लाज वाटते.

पोट्टी यंदा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसते आहे. मी नवा खोडरबर आणून दिला, तिनं दुकानात परत करून रंग आणले.

तलावाचे मासे निघाले की निरोप धाडतो. काकूंना घेऊनच या, रांधायचं कसं ते त्यांनीच सांगावं.

तुमचा,
एक पालक