कुंकळ्ळीच्या धड्यात दोमिनिकलाही जागा द्या

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गोवा राज्य

महोदय,

मी साष्टीतल्या एका शाळेत सत्तावीस वर्षे इतिहास शिकवला. मुलांना घेऊन कुंकळ्ळीला गेलो की एकाच गावात दोन ठिकाणी हात जोडायचे असत. एक 1583 मध्ये तिथे मारल्या गेलेल्या पाच जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) पाद्रींच्या बलिदानाचे कपेल, म्हणजे छोटे चर्च, आणि दुसरे त्यानंतर पोर्तुगीजांनी मारलेल्या पंधरा गांवकरांचे, म्हणजे गावच्या प्रमुखांचे, स्मारक. मुले विचारायची, "सर, यातले आपले कोण?" उत्तर देणे मला दरवेळी जड गेले. म्हणून हे पत्र.

त्या पाद्रींमध्ये थोर म्हणावा असा रूदॉल्फ आक्वाविवा. 1550 साली इटलीतल्या आत्री गावी सरदार घराण्यात जन्मला, 1578 मध्ये गोव्यात आला. अकबराने गोव्याकडे विद्वान पाद्री मागितले, तेव्हा 1580 मध्ये तो फत्तेपूर सिक्रीला गेला, फारसी शिकला आणि मुल्लामौलवींशी रात्र रात्र वाद घालत तिथे तीन वर्षे राहिला. बादशहा काही ख्रिस्ती झाला नाही. निघताना मात्र रूदॉल्फने धनदौलत नाकारली आणि दरबारात गुलामीत असलेले एक रशियन कुटुंब तेवढे सोडवून मागितले. हा प्रसंग वर्गात सांगताना माझा आवाज नेहमी हलायचा.

हाच माणूस 1583 च्या मे महिन्यात गोव्यात परतला आणि साष्टीच्या मिशनचा प्रमुख झाला. त्याआधीच पोर्तुगीज फौजेने साष्टीतली देवळे जमीनदोस्त केली होती, कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा जवळच्या फातर्पे गावी हलवली गेली होती. अशा गावात तो क्रूस रोवायला आणि चर्चसाठी जागा पाहायला आला. गावाला काय हवे ते कोणी विचारले नव्हते. बादशहाशी इतक्या सबुरीने बोलणाऱ्या माणसाला गांवकरांशी आधी बोलावेसे का वाटले नाही, हा प्रश्न मला आजही सुटत नाही. जुन्या पंचांगाने 15 आणि नव्या पंचांगाने 25 जुलै, त्या दिवशी गावातल्या लोकांच्या हल्ल्यात पाचही जेझुइट मारले गेले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या सोळा प्रमुखांना बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि पंधरा जणांना ठार केले. एकटा साळ नदीत उडी टाकून वाचला.

पाचही जेझुइटांना पोप तेरावे लिओ यांनी 1893 मध्ये धन्यवादित घोषित केले, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी. पंधरा गांवकरांचे स्मारक व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले. दोन्ही योग्यच झाले.

पण त्या दिवशी पाद्रींबरोबर गोन्सालो रोद्रीगीश नावाचा एक पोर्तुगीज आणि चौदा स्थानिक ख्रिस्तीही मेले. त्यांत दोमिनिक हा कुंकळ्ळीचाच मुलगा होता. जेझुइटांच्या नोंदींनुसार त्याने पाद्रींना गावातली देवळे दाखवली होती आणि त्याला त्याच्या सख्ख्या काकानेच मारले. दुसरा आल्फोन्स, त्या पाचांपैकी पाद्री पाशेकूंचा वेदीसेवक. हातातले प्रार्थनेचे पुस्तक सोडेना म्हणून त्याचे हात तोडले. तो दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होता. हे चौदा जण 1893 च्या यादीत नाहीत आणि स्मारकावरही नाहीत. काका आणि पुतण्या दोघेही आपलेच, आणि मारणाऱ्याचे देऊळ तर त्याआधीच उद्ध्वस्त झालेले. कुंकळ्ळी शिकवायची तर इथून सुरुवात करायला हवी. एका बाजूचा जयजयकार करून हा धडा पुरा होणार नाही.

माझे मागणे मोठे नाही. पाठ्यपुस्तकात कुंकळ्ळीचा उठाव येईल तिथे देवळे पाडल्याचे, पाद्रींच्या हत्येचे आणि असोळण्याच्या दग्याचे वर्णन एकाच धड्यात, सलग यावे. दोमिनिक आणि आल्फोन्स यांची नावे त्यात असावीत. या प्रकरणावरच्या जेझुइटांच्या पत्रांचा मराठी आणि कोकणी अनुवाद सरकारने करून घ्यावा, म्हणजे शिक्षकांना माझ्यासारखे ऐकीव माहितीवर चालावे लागणार नाही. आणि कपेल व स्मारक दोन्ही ठिकाणी एकच फलक लागावा, त्याच मजकुराचा.

मुलांना हे झेपणार नाही असे अधिकारी आपल्याला सांगतील. शिगम्यात गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, छत्र्या घेऊन देवी फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते, तेव्हा गुलालात न्हालेल्या त्या गर्दीत ख्रिस्ती कुटुंबेही मानाने असतात. ती मुले त्याच गर्दीत वाढली आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, साष्टी