बाबांची तोंडी परीक्षा आता बंद

पुणे, मार्च

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

पत्र दोघांना मिळूनच लिहितेय. डॉक्टरांनी डिमेन्शिया हा शब्द बाबांच्या तोंडावर उच्चारला, मग आपणच घरात कुजबुज कशाला करायची? बाबा, तुम्हीही वाचा. एका दमात नको, चष्मा लावून दोन बैठकींत.

आई, आधी तुझ्याशी भांडते. सकाळी चहाचा कप हातात दिला रे दिला की तुझी परीक्षा सुरू. "सांगा न, काल कोण आलतं? रात्री काय खाल्लं? आज वार कोणता?" परवा बाबा वैतागून म्हणालेच, "मी काय शाळेत बसलो का बाप्पा?" मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा उतरला होता. तुला वाटतं, विचारत राहिलं की डोकं तल्लख राहील. तसं होत नाही गं. नव्या घटना ध्यानात ठेवायचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो आणि अल्झायमरमध्ये बहुधा तोच आधी खराब होतो. बाबा, गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजता आली हे गार्डने जर्नलमध्ये लिहिलंच नाही, तर मागाहून पानं उलटून काय सापडणार? कालच्या पाहुण्यांचं तसंच झालंय. इतवारी-नागभीड छोट्या गाडीचं मात्र सगळं पाठ. लाईन २०१९ साली बंद झाली, तरी कुही, उमरेड, भिवापूर, कुठे चहा बरा मिळायचा, सगळं सांगता. त्या आठवणी केव्हाच मेंदूभर मुरल्यात. म्हणून "जुनं आठवतं, मग आत्ताचं कसं विसरतो?" या काकांच्या प्रश्नात काही दम नाही. वर "साठी बुद्धी नाठी" आहेच त्यांचं. वय वाढलं की धोका वाढतो हे खरं, पण हा आजार आहे, म्हातारपणाचा हिशेब नाही.

बाबांचा डिमेन्शियाचा प्रकार डॉक्टरांनी मिश्र सांगितलाय, म्हणजे अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा, दोन्ही. अल्झायमर हळूहळू उतरत जातो, कळतही नाही. रक्तवाहिन्यांमुळे होणारा डिमेन्शिया बरेचदा पायरीपायरीने उतरतो, म्हणजे महिनोन् महिने जैसे थे, मग एखादा छोटा झटका आणि एकदम एक पायरी खाली. त्या पायऱ्या लांबवणं थोडंफार आपल्या हातात आहे, म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. त्याने थोडा फरक पडेल, पण सगळा दोष त्याचा नव्हता. डोनेपेझिलची गोळीही आजार उलटवत नाही, काही काळ कामकाज सावरून धरते. उगाच आशेवर ठेवणार नाही मी तुम्हाला.

बाबा, हा परिच्छेद नको वाटला तर सोडून द्या. पुढे पैशांचा व्यवहार जमेनासा होईल, मग ओळखीचा रस्ताही परका वाटेल. सक्करदऱ्याच्या चौकात स्कूटर घेऊन उभे राहिलात, ती त्याची सुरुवात होती. म्हणून किल्ली आता आईकडे. कधी कपडे कोणते आधी घालायचे हे सुचणार नाही, संध्याकाळ झाली की जीव घाबरा होईल, "घरी चला" म्हणाल घरातच बसून. शेवटी शेवटी गिळायलाही त्रास होतो. किती वर्षांत, ते कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. माणसागणिक वेगळं असतं.

आई, मोलकरणीने पैसे नेले असा आरोप झाला ना, तसे आणखी होतील. वाद घालू नकोस. "चला, दोघं शोधू" म्हण आणि गादीखाली बघ. दिवेलागणीच्या आधीच बैठकीतला मोठा दिवा लाव. कानाचं यंत्र कपाटातून काढ, ऐकू आलं नाही की माणूस आणखी आत जातो. सर्दी-खाजेची गोळी दुकानातून विचारून आणू नकोस, जुन्या पद्धतीच्या काही गोळ्यांनी गोंधळ वाढतो.

आणि हे फ्रिजवर चिकटव: एक-दोन दिवसांत बाबा अचानक फार बरळायला लागले किंवा झोपूनच राहिले, तर "आजार वाढला" म्हणून बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, अंगातलं पाणी आटणं, काहीही असू शकतं आणि ते बरं होतं. नागपूरचा मे महिना आहे पुढे. बाबांना तहान लागल्याचं सांगता येईलच असं नाही, तूच ग्लास हातात देत जा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला तर तासभरही थांबू नका.

कागदांचं काम मात्र आत्ताच करायचंय, बाबा स्वतः ठरवू शकतात तोवर. पेन्शनचं खातं आईसोबत जोडून घ्या. मृत्युपत्र करा. नुसत्या मुखत्यारपत्रावर भिस्त नको, देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने टिकत नाही. वकिलांची वेळ मी घेते, पण काय हवं ते बाबा सांगतील, मी आणि दादा नाही.

होळीला मी आले होते तेव्हा बाबांनी मृग बहाराची संत्री सोलली. प्रत्येक फोडीची शीर काढून ताटलीत ओळीने मांडली, एक बी सांडली नाही. हाताला सवयीने जे येतं ते मेंदूत वेगळ्या वाटेने राहतं, आणि बरंच उशिरापर्यंत. तेव्हा आई, "राहू द्या, मी करते" म्हणू नकोस. सांभाराची जुडी निवडणं, वाटाणे सोलणं, कुलरमध्ये पाणी भरणं, जे जमतं ते करू दे. चहात पत्ती दोनदा पडली तर कडू चहा पिऊ.

तुझं भजनी मंडळ बंद झालंय असं कळलं. ते चालणार नाही. मंगळवारी-शुक्रवारी दुपारी थांबायला एक मामा बघितलेत, पगार मी आणि दादा देऊ. पुढच्या मंगळवारपासून येतील. बाबा, त्यांना रेल्वेतलं काही येत नाही, तुम्हीच शिकवा.

तुमची,
ताई