केडगावला जाते आहे

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

समोर बसून सांगायला गेले की आई डोळ्यांना पदर लावते आणि बाबा पेपर उघडतात, म्हणून लिहितेय. मी राजीनामा दिला आहे. एक तारखेपासून केडगावला खोली घेतली आहे. सहा महिने तिथे राहून पंडिता रमाबाईंवरची कादंबरी पुरी करणार. पुण्याला उतरून दौंडची गाडी धरली की केडगाव येतंच. माझ्या शिल्लकीत भागेल, तुमच्या एफडीला हात लागणार नाही.

"ठाण्यात बसून लिहिता येत नाही का?" आई, तू विचारलंस. इथे लिहून पाहिलं, जमत नाही. मला त्यांचे शेवटचे नऊ महिने लिहायचे आहेत. दुष्काळाच्या वणवणीत आई-वडील गेले, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली नवरा. कडेवर मनोरमा तेवढी उरली. पुढे बाईंनी केडगावला निराधार बायकांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनच्या कामात तीच आईचा उजवा हात झाली, आणि 1921 च्या जुलैत तीही गेली, अवघी चाळीस वर्षांची. बायबलचं मराठी भाषांतर तेव्हा हातात होतं. त्यासाठी बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या, छापखाना मुक्तीतल्याच बायका चालवत. 5 एप्रिल 1922 ला बाईही गेल्या. लेक गेल्यावर ते कागद पुन्हा पुढ्यात ओढताना त्यांना काय झालं असेल? त्या जागी बसल्याशिवाय मला ते लिहिता येणार नाही.

दादाच्या वेळी भेटायला येणारा जो तो "देवाची इच्छा" म्हणायचा आणि आई, तू उठून आत जायचीस. देवाचं ऐकणाऱ्याने रडू नये, असं कुणी सांगितलं? लाजराच्या कबरेपाशी प्रभूही रडला. तू अजून दादाचा निळा शर्ट इस्त्री करून हँगरला लावतेस आणि शनिवारी त्याच इस्त्रीने प्रभुभोजनाचं पांढरं कापड करून देतेस, काठ ओला करून, एक सुरकुती न ठेवता. रमाबाईंचे हात लिहायला घेतले की मला तुझेच दिसतात.

दादाची जागा सोडून मी पळतेय, असं मनात आणू नका. हे मी प्रार्थनेत मागून घेतलं आहे. मला अजूनही ताप आला की बाबांचा हात कपाळावर लागतो, तेव्हा दर पंधरवड्याला येणारच.

पोळ्यांच्या मावशी दोन्ही वेळा येतील, पैसे मी देऊन ठेवले आहेत. बीपीच्या गोळ्या वारांच्या डबीत भरल्यात. आई, गुडघा दुखत असताना स्टुलावर चढून जाळी काढायची नाही. रविवारी चर्चला रिक्षानेच जायचं, मीटरचा विचार करायचा नाही. बाबा, तलावपाळीला संध्याकाळी फिरायला जा, पण अंधार पडायच्या आत घरी. आणि कानाचं मशीन काढून ठेवू नका, मी रोज रात्री नऊला फोन करीन. आधी आईशी बोलेन, मग तुमच्याशी.

तुमची,
सोनू