रविवारची पालक बैठक, येताना पोरांची चुकलेली वही आणा

नमस्कार मंडळी, परत एकदा आठवण करतोय, येत्या रविवारी सकाळी साडेदहाला वडगावात नेहमीच्या हॉलमध्ये बैठक आहे, मागच्या वेळेसारखं अकराला येऊ नका. यावेळी मार्कांवर बोलायचं नाही. प्रत्येकानं पोराची एक चुकलेली वही आणायची, कोरी करकरीत नको, लाल पेनाची हवी.

माझ्याच घरातलं सांगतो, धाकटी मराठी मीडियमला पाचवीत, कन्नड डिक्टेशनमध्ये दहापैकी तीन, सगळी चूक ओत्तक्षरात म्हणजे कन्नड जोडाक्षरात, आणि वही मिटून म्हणते मला कन्नड येतच नाही. मी म्हटलं "अजून" येत नाही म्हण. रुसली आधी, पण मग रोज पाचच शब्द पाटीवर काढायला लागली, परवा डिक्टेशनमध्ये दहापैकी सहा आले बघा.

हे माझं डोकं नव्हे हं, कॅरोल ड्वेक म्हणून अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या पोरांवरच्या प्रयोगांत दाखवलंय की "हुशार आहेस" म्हटलेली पोरं पुढं अवघड कोडी आल्यावर लवकर हात टेकतात, "मेहनत केलीस" म्हटलेली जास्त टिकतात. म्हणून शाबासकी देताना नेमकं काय केलं ते सांगायचं, नुसतं छान छान नको.

शिवाय चिकाटी, कुतूहल, दयाळूपणा, यातला पोराचा कुठला गुण दिसला ते एका कागदावर लिहून आणा. खानापूरकडून येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवा, चहा त्या हिशोबानं सांगायचाय.