मुल्कीच्या समुद्रावरून नीलूला

पुणे
८ डिसेंबर

प्रिय नीलू,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू विचारलंस, "अगं, सर्फिंग म्हणजे ते नक्की शिकवतात तरी काय? फळीवर उभं राहायला?" मी तेव्हा रस्त्यात होते, घाईघाईत दोन वाक्यं बोलून फोन ठेवला. पण तुला हे नीट सांगायचंय. जे सांगणार आहे ते तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला लागू पडणार नाही, आणि मला तुझ्याकडून एक गोष्ट मागायची आहे. ती शेवटी मागते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उडुपीला गेलो होतो. कुर्ल्याहून मत्स्यगंधा. अंधार पडल्यावर चिपळूण गेलं, तेव्हा तुझं नाव निघालंच. उडुपीचा कृष्ण, मालपेचं बंदर, सेंट मेरी बेटावरचे ते उभे दगडी खांब, याबद्दल भेटल्यावर बोलू. तिथून दक्षिणेला मुल्की आहे, तासाभराच्या आत पोचतो. शांभवी नदी तिथे समुद्राला मिळते. जॅक हेब्नर नावाच्या अमेरिकन माणसानं, लोक त्यांना सर्फिंग स्वामी म्हणतात, २००४ मध्ये तिथे सर्फिंगचा क्लब सुरू केला, आणि भारतात हा खेळ रुजला त्यात या छोट्या गावाचा वाटा फार मोठा आहे. आता त्या पट्ट्यात शिकवणारे बरेच आहेत. आमच्या अथर्वनं एके ठिकाणी आमचं नाव घातलं. त्याचे बाबा काठावर बसणार हे आधीच ठरलेलं होतं. मी मात्र हो म्हटलं.

शिकवायला एक मुलगी होती, पंचविशीची, मुल्कीचीच, घरी कोकणी बोलणारी. तिची कोकणी आणि माझी आपल्याकडची बोली, यांत हिंदीची फारशी गरज पडली नाही. मला ती "अक्का" म्हणायची. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या फळी हातात मिळेल. तिनं आम्हाला वाळूत बसवलं आणि म्हणाली, आधी पाणी बघा. आणि खरोखरच आम्ही कितीतरी वेळ नुसते पाणी बघत बसलो.

नीलू, आपलं गुहागरचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. रात्री गाज ऐकत आपण झोपलो. पण पाणी कसं बघायचं हे आपल्याला कुणी सांगितलं होतं का गं? नारळी पौर्णिमेला नारळ द्यायचा, सूर्य बुडेपर्यंत थांबायचं, घोट्यापर्यंत पाय भिजवायचे आणि "पुरे, मागे फिरा" अशी हाक आली की मागे फिरायचं. मुलगे निदान गळ्यापर्यंत तरी जायचे. मे महिन्यात बाहेरगावची कुणी मुलं बुडाली की दोन दिवस गाव गप्प असायचं, आणि त्यानंतर आपल्याला घोट्यापर्यंतही सोडत नसत. समुद्र ओढून नेतो, एवढंच आपल्याला माहीत. कुठून ओढतो, का ओढतो, हे नाही.

तिनं काय दाखवलं ते सांगते. समोर सगळीकडे लाटा फुटत होत्या, पांढरा फेस होता. मध्ये एका ठिकाणी मात्र फेस नव्हता. पाणी जरा गडद, संथ, वर थोड्या सुरकुत्या. तिनं विचारलं, "अक्का, तुम्हाला पोहायला उतरायचं असेल तर कुठून उतराल?" मी त्या शांत जागेकडे बोट दाखवलं. कुणीही तीच जागा दाखवेल. तिनं वाळूतलं नारळाचं एक सोडण उचललं आणि नेमकं तिथे फेकलं. बघता बघता ते आत, आत, फुटणाऱ्या लाटांच्याही पलीकडे गेलं.

त्याचं कारण अगदी सरळ आहे. लाटा किनाऱ्याकडे पाणी आणून टाकत राहतात, आणि ते पाणी कुठून तरी परत जायला हवं. वाळूच्या बुडालेल्या दांड्यात जिथे खोलगट वाट असते तिथून ते परत जातं. खोली जास्त म्हणून तिथे लाट फुटत नाही, आणि लाट फुटत नाही म्हणून ती जागा आपल्याला शांत वाटते. रिप करंट म्हणतात तो हाच. जोरात असला तर त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो, आणि तेवढ्या वेगानं ऑलिंपिकचा पोहणारासुद्धा त्याच्या उलट फार वेळ पोहू शकत नाही. माणूस बुडतो तो बहुतेक वेळा किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारत राहिल्यानं, दमून. ती वाट बहुधा फार रुंद नसते. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि पोहायचं तर किनाऱ्याला समांतर पोहायचं. त्या वाटेतून बाजूला झालो की फुटणाऱ्या लाटाच आपल्याला काठाकडे आणतात.

हे ऐकताना माझ्या घशात काहीतरी अडकलं. चाळिशी उलटून गेल्यावर, दुसऱ्या राज्यात, सुट्टीत पैसे भरून मला हे कळावं? हे आपल्या शाळेत, भूगोलाच्या तासाला, समुद्रावर नेऊन शिकवायला हवं होतं. खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ केले होते, आठवतंय? तेही मला तिथेच खरे कळले. सर्फिंगची शिकवणी सकाळी लवकर असते, कारण तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा पुढचा भाग गुळगुळीत राहतो. दुपारी वारा फिरला की पाणी सगळं विसकटतं. त्या परीक्षेत मला पैकीच्या पैकी मार्क होते आणि रोज संध्याकाळी तोच वारा तोंडावर घेत आपण काठावर बसत होतो.

आता फळीबद्दल. नवशिक्यांना देतात ती मऊ फोमची, नऊ फुटांच्या आसपास लांब, रुंद. ती लागली तरी फार लागत नाही आणि आपल्याला सहज तरंगत ठेवते. मागच्या पायाच्या घोट्याला पट्टा बांधतात, त्याची दोरी फळीला, म्हणजे पडलो तरी फळी लांब जात नाही. मागचा पाय कुठला हे ती आपल्याला पाठीमागून हलकेच ढकलून ठरवते. तोल सावरायला जो पाय आपसूक पुढे पडतो तो पुढचा. माझा उजवा पडला.

मग वाळूत सराव. पालथं पडायचं, तळवे बरगड्यांशी टेकवायचे, भुजंगासनासारखी छाती उचलायची आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन उभं राहायचं. गुडघे वाकलेले, नजर समोर. गुडघ्यावर बसून मग उठायची सवय लावू नका असं ती बजावत होती. पडायचं कसं हेही आधीच शिकवलं: डोकं खाली घालून सूर कधी मारायचा नाही, कारण खाली पाणी किती आहे ते ठाऊक नसतं. आडवं, पसरट पडायचं, आणि वर येताना दोन्ही हातांनी डोकं झाकायचं. आणि एक नियम तिनं सगळ्यांकडून म्हणून घेतला, की लाट आणि आपण यांच्या मध्ये फळी कधीही आणायची नाही. लाट ती फळी उचलून सरळ तोंडावर आणते.

पाण्यात कमरेइतकं गेलो. तिथे लाट आधीच फुटून आलेली असते, फेस धावत येतो, नवशिक्यांनी त्याच फेसावर शिकायचं. कमरेएवढी लाट साधारण छातीएवढ्या पाण्यात आली की फुटते, असा ढोबळ हिशेब आहे. तो एकदा डोक्यात बसला की लाट फुटते त्या जागेवरून खाली पाणी किती ते कळायला लागतं. फळीवर पालथी झाले, ती मागे फळी धरून उभी. लाटा एकेक करून येत नाहीत, झुंडीनं येतात, मग थोडी उसंत. ती दोन-तीन जाऊ द्यायची, मी थांबायची. मग "अक्का, हात मारा!" आणि मागून एक धक्का.

आधी मी फार पुढे सरकलेली असायची, फळीचं नाक पाण्यात घुसायचं आणि मी पालथी. मागे सरकले तर लाट खालून निघून जायची. नाकातोंडात खारं पाणी, डोळे चुरचुरत, बरगड्या सोलवटलेल्या. आणि तरी, नीलू, प्रत्येक वेळी वर आले की मला परत जायचं असायचं. तिथे भीती वाटली नाही. खाली वाळू आहे, फळी पायाला बांधलेली आहे, ओढ कुठे आहे ते मघाशीच पाहिलंय, आणि पाण्याला ओळखणारं माणूस शेजारी उभं आहे. आपल्या भीतीतला किती मोठा भाग नुसत्या माहिती नसण्याचा होता!

मी उभी राहिले ते तिनं "खाली बघू नका, तो माड बघा" असं ओरडून सांगितल्यावर. काठावरच्या एका माडावर नजर लावली आणि पाय आपोआप खाली आले. फळी सरकत होती. काही क्षणच, पण त्या क्षणांत हात मारावे लागत नव्हते, कुणी ढकलत नव्हतं. पाणी मला नेत होतं आणि मी त्यावर उभी होते. ती लाट कुठून आली असेल, हा विचार मला नंतर रात्रभर पुरला. त्या किनाऱ्यावर येणाऱ्या काही लाटा दूर दक्षिणेला, हिंदी महासागरातल्या वादळांत उठलेल्या असतात. इथे वाऱ्याची झुळूक नसतानाही त्या हजारो किलोमीटर चालत येतात. त्यात पाणी फारसं पुढे सरकत नाही, जागच्या जागी गोल फिरतं; पुढे जातो तो जोर. शिकवणारी सगळी मुलं रोज सकाळी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी संस्थेचा लाटांचा अंदाज फोनवर बघतात आणि मगच आम्हाला पाण्यात नेतात.

त्यानंतर सुट्टीतल्या उरलेल्या सकाळी मी तिथेच होते. खांदे असे भरून यायचे की वेणी घालायला हात वर जायचा नाही. आणि भूक! गोळीबजे, नीर डोसा, बांगड्याचं तिखट सार. बांगड्याला तुळूत बंगुडे म्हणतात, म्हणजे मासळीबाजारात आपलं काही अडत नाही.

एका सकाळी मी त्या मुलीला विचारलं, घरून विरोध झाला नाही का? म्हणाली, झाला. समुद्र पोटासाठी असतो, खेळायला नसतो, असं आजोबांचं म्हणणं होतं. ऊन लागून काळी पडशील हे आजीचं. मग तिनं मला तन्वी जगदीशबद्दल सांगितलं, जी याच भागातून पुढे येऊन फळीवर उभं राहून वल्हवण्याच्या स्पर्धांत देशासाठी खेळली. आणि इशिता मालवीयबद्दल, मुंबईची मुलगी, मणिपालला शिकायला आली, २००७ मध्ये सर्फिंग शिकली आणि पुढे जवळच कोडी बेंग्रेला स्वतःचा क्लब उभा केला. त्या दोघींचे फोटो दाखवून दाखवून तिनं आजोबांना वळवलं. आता तेच तिला भरती-ओहोटीच्या वेळा सांगतात.

तुळशीच्या लग्नाला गुहागरला गेले होते, हे तुला माहीत आहे. संध्याकाळी एकटीच समुद्रावर गेले. ओहोटी लागलेली. बसले आणि बघायला लागले. आणि नीलू, मला ती दिसली. आपण जिथे बसायचो त्याच्या जरा उत्तरेला, पांढऱ्या फेसाच्या मधोमध ती गडद वाट. आयुष्यभर तो समुद्र बघितला आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाचता आला. पलीकडे पुण्याकडची तीन-चार पोरं नेमकी तिकडेच चालली होती, कारण तिथे लाटा नाहीत. मी उठले, धावतच गेले, त्यांना हात करून थांबवलं, सोडण काही मिळालं नाही म्हणून सुरूची वाळकी फांदी टाकून दाखवली. पोरं शहाणी होती, ऐकलं त्यांनी. एकानं तर सगळं परत समजावून घेतलं. अर्थात तिथे सगळं मुल्कीसारखं नाही. आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक जास्त. मुंबईला पावसाळ्यातल्या उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर जाते, मुल्कीकडे ती दोन मीटरलाही पोचत नाही. म्हणजे आपला किनारा दिवसभरात जास्त बदलतो, ती वाट सकाळी एका जागी दिसली म्हणून संध्याकाळी तिथेच असेल असं नाही. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, उधाण-भांगाचं, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचं, कोळ्यांना सगळं ठाऊक असतं, आपण कधी विचारलं नाही.

म्हणून आता मागणं. तुझ्या सियाची बारावी मार्चमध्ये संपेल. एप्रिलमध्ये तिला घेऊन माझ्याबरोबर मुल्कीला चल. पावसाळा सुरू व्हायच्या आत. जूनपासून तिथला समुद्र नवशिक्यांचा राहत नाही. तुझं पोहणं पुरेसं आहे, आणि कमरेइतक्या पाण्यात तेवढंही लागत नाही. गुडघ्याचं दुखणं आधी डॉक्टरांना विचारून घे. त्यांनी नाही म्हटलं तर तू फळीवर पालथी पडूनच लाटेवर ये, कितीतरी जण तेवढंच करतात आणि हसत बाहेर येतात. पण वाळूत बसून पाणी बघायचा तो पहिला पाठ तू आणि सियानं घ्यायचाच आहे. ती उद्या कॉलेजच्या मित्रमैत्रिणींबरोबर कुठल्यातरी किनाऱ्यावर जाणारच, आणि तेव्हा "पुरे, मागे फिर" म्हणायला आपण तिथे नसू.

पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी घ्या, बाकी सगळं तिथे मिळतं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा फेब्रुवारीच्या सुरुवातीला मला तारखा हव्यात. कल्याणहून तुम्ही ठाण्याला या, तिथून एकत्र जाऊ. काकूंना माझा नमस्कार सांग, सियाला अभ्यास झाल्यावरच हे पत्र वाचायला दे.

तुझी,
मंगल