नाक त्यांचे त्यांना करू दे

खानापूर

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

बडोद्याहून आलेले तुझे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवले. कलादालनासाठी शिल्पे न करता मलप्रभेकाठच्या एखाद्या गावात राहायचे आणि तिथल्या बायका-मुलांसह तळ्याच्या बांधावर भाजक्या मातीची शिल्पे उभारायची, हा तुझा बेत ऐकून तिने पहिला प्रश्न पैशांचा विचारला. तो माझाही आहे; उत्तर पुढच्या पत्रात कळव.

माझी खरी काळजी वेगळी आहे. चित्रकला शिक्षक असताना मी एका वर्षी मुलांकडून शाडूचे गणपती करवून घेतले आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री त्यांच्या सोंडा, कान, बोटे एकट्याने बसून ‘सुधारली’. सकाळी एक मुलगा रांगेपुढून दोनदा गेला, तरी त्याला स्वतःचा गणपती ओळखता आला नाही. तो त्याने घरी नेलाच नाही. विसर्जन झाल्यावरही मूर्ती वर्गाच्या खिडकीत तशीच होती. तुझा हात माझ्याहून तयार आहे, म्हणून तुला हा मोह अधिक होईल.

मग शिल्पकाराने करायचे काय? आपल्याकडची माती कौलांना आणि भांड्यांना चांगली, पण जाड आणि आतून ओला राहिलेला गोळा भट्टीत गेला की पाण्याची वाफ होऊन तो फुटतो आणि शेजारच्या वस्तूही फोडतो. दहा हातांनी केलेल्या कामाची जाडी कधीच सारखी नसते. म्हणून गोळा आतून पोकळ करणे, सावलीत सावकाश सुकवणे, सुरुवातीची आच मंद ठेवणे ही जबाबदारी तुझी. नाक कसे असावे, हे त्यांनी ठरवावे. मातीचे हे तंत्र त्यांना समजावायला तुझी बाजारापुरती कन्नड मात्र पुरणार नाही.

बस्तरमधल्या कोंडागाव परिसरात शिल्पकार नवज्योत अल्ताफ यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून आदिवासी कलावंतांच्या सोबतीने काम केले. हातपंपांभोवतीच्या जागा त्यांनी मिळून घडवल्या, त्या ‘नळपार’ म्हणून ओळखल्या जातात. पाणी भरणाऱ्या बाईची सोय हाच तिथे शिल्पाचा विषय झाला, हे मला फार मोलाचे वाटते. तळ्यावर धुणे धुणाऱ्यांना काय हवे, हे तू विचारले आहेस का?

आणि बांधावर पाटी लावणार असलीस, तर नावे कोणाची आणि कोणत्या लिपीत आधी, हेही त्यांनाच विचार.

तुझे,
आप्पा